कोलायटिस घेऊन इंग्लंडला जाताना: आधी संडासचं इंग्रजी शिका

प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ २५ वर्षांचा आहे. तीन वर्षांपासून त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) आहे. पुण्यात उपचार चालू आहेत आणि सध्या ठीक आहे. सप्टेंबरमध्ये तो एमएस्सीसाठी इंग्लंडला जाणार आहे. शाळा मराठी माध्यमाची. आयईएलटीएसला साडेसहा बँड मिळाले, पण पोटाबद्दल इंग्रजीत बोलायचं म्हटलं की गप्प होतो. आयबीडीसाठी (आतड्याच्या सुजेचे दीर्घकाळचे आजार, कोलायटिस त्यातलाच) लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी मिळेल का?"

यादी देते, पण तुमच्या मनात आहे तशी नाही. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, इन्फ्लमेशन, रेमिशन हे शब्द तुमच्या भावाला येतात. तीन वर्षांची फाइल या शब्दांनीच भरलेली असणार. मी इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात आयबीडी नर्स आहे आणि त्याआधी मिरजेला वॉर्डात काम केलंय. आमच्या हेल्पलाइनवर आपल्याकडची मुलं फोन करतात तेव्हा आजाराचं नाव ती अचूक सांगतात. मग मी विचारते, "काल रात्री किती वेळा उठावं लागलं?" आणि तिकडे शांतता. मोठे शब्द येतात, अडतं ते लहान शब्दांवर. लहान शब्द कुणी शिकवत नाही, कारण ते सगळे संडासातले असतात.

तेव्हा पहिला शब्द तोच घेऊ. आपण इंग्रजीत "मोशन" म्हणतो, "लूज मोशन्स" म्हणतो. ब्रिटनमधल्या जुन्या डॉक्टरांना तो कळतो, तरुण रिसेप्शनिस्टला कळेलच असं नाही. इथे कागदोपत्री "स्टूल" म्हणतात आणि बोलताना "पू". हो, मोठी माणसंही, नर्सही, कन्सल्टंटही. मराठी कानाला इथे ठेच लागते. "एनी ब्लड इन युअर पू?" असं विचारलं की आपल्याला पिकलेल्या जखमेतला पू आठवतो. माझ्यासमोर एका मुलाने ठामपणे सांगितलं होतं, "नो पू, ओन्ली ब्लड." मला मराठी येत होतं म्हणून निभावलं. भावाला सांगा, डॉक्टर "पू" म्हणाले तर समजून घे आणि स्वतः "स्टूल" म्हण. लाजही वाटत नाही आणि कुणाचा गैरसमजही होत नाही.

शौचाला जाण्याचं क्रियापद इथे वेगळं आहे. "हाउ मेनी टाइम्स अ डे आर यू ओपनिंग युअर बॉवेल्स?" किंवा "हॅव युअर बॉवेल्स ओपन्ड टुडे?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं पोट उघडण्याची, म्हणजे ऑपरेशनची गोष्ट चाललीय. अर्थ एवढाच की शौचाला झाली का, किती वेळा झाली. उत्तरात "आय अ‍ॅम गोइंग सेव्हन टाइम्स अ डे" म्हटलं तरी पुरतं. "गोइंग" एवढ्यावर सगळं कळतं, आपल्याकडे "जाऊन आलो" म्हटलं की कळतं तसंच.

आता आकड्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्या बोलण्यात "सारखं जावं लागतं", "दिवसभर चालूच आहे" असं येतं. इंग्रजीत त्याचं "मेनी टाइम्स, कंटिन्युअसली" होतं आणि त्यातून नर्सला काहीच हाती लागत नाही. आम्हाला आकडा हवा असतो आणि त्याला कारण आहे. ट्रूलव्ह आणि विट्स या ऑक्सफर्डच्या दोन डॉक्टरांनी १९५५ साली कोलायटिसची तीव्रता ठरवायचे निकष मांडले. ते आजही वापरात आहेत. दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त वेळा रक्तमिश्रित शौच, आणि जोडीला ताप, ९०च्या वर नाडी, कमी हिमोग्लोबिन किंवा वाढलेला ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) यांपैकी एखादी गोष्ट असेल, तर तो तीव्र झटका धरतात आणि रुग्णाला रुग्णालयात आणावं लागतं. म्हणजे "चार" आणि "सात" या दोन शब्दांत घरी बसून गोळ्या वाढवायच्या की आज रात्री ॲडमिट व्हायचं, इतका फरक पडतो. "सारखं" या शब्दातून हा फरक कळत नाही.

आकड्याबरोबर नेहमीचा आकडाही सांगायचा असतो. "माय नॉर्मल इज वन्स ऑर ट्वाइस अ डे. फॉर द लास्ट फाइव्ह डेज इट्स बीन सेव्हन, अँड टू ऑफ दोज आर अ‍ॅट नाइट." हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्या. आकडे बदलतील, साचा तोच राहील. साच्यात "फॉर फाइव्ह डेज" आहे, "सिन्स फाइव्ह डेज" नाही. "सिन्स" म्हटलं तरी लोक समजून घेतात, पण फोनवर घाईत "सिन्स फाइव्ह" ऐकलं की कुणी पाच वाजल्यापासून समजतो. रात्रीचा उल्लेख वेगळा का, तर झोपेतून उठवून शौचाला पळवणारा त्रास सूज असल्याकडे बोट दाखवतो. आयबीएस (सूज नसताना पोट बिघडत राहण्याचा त्रास) असलेली माणसं सहसा रात्री शांत झोपतात.

आयबीएस म्हटलं म्हणून इथेच सांगते. आयबीडी आणि आयबीएस यांत शेवटचं एकच अक्षर वेगळं आहे, पण फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. आयबीएसमध्ये आतड्याला जखमा नसतात. रिसेप्शनिस्टने आयबीएस लिहून घेतलं तर अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळू शकते. म्हणून आद्याक्षरं वापरूच नयेत, सरळ "अल्सरेटिव्ह कोलायटिस" म्हणावं. क्रोन्स (आयबीडीतला दुसरा आजार) असणाऱ्यांनी "क्रोन्स डिसीज" म्हणावं.

तापाचा एक बारकावा राहिला. आपण सवयीने "शंभर ताप आहे" म्हणतो, कारण आपले थर्मामीटर फॅरनहाइटचे. इथे सगळं सेल्सिअसमध्ये असतं. "माय टेम्परेचर इज हंड्रेड" ऐकल्यावर इथली नर्स गोंधळते. गंमत म्हणजे वर सांगितलेल्या निकषात तापाची रेषा ३७.८ सेल्सिअसवर आहे आणि आपला "शंभर" म्हणजे बरोबर तेवढाच. इथे आल्यावर दोन-चार पाउंडांत मिळणारा थर्मामीटर घ्यायचा आणि त्यात दिसेल तो आकडा वाचून सांगायचा. "कणकण" असेल, पण थर्मामीटर काही दाखवत नसेल, तर "आय फील फीव्हरिश, बट माय टेम्परेचर इज नॉर्मल".

रक्ताबद्दल विचारतील तेव्हा फक्त "येस, ब्लड इज देअर" पुरत नाही. पुसताना कागदावर दिसतं, तर "ओन्ली व्हेन आय वाइप". शौचात मिसळून येतं, तर "मिक्स्ड इन विथ द स्टूल". गाठी पडतात, तर "क्लॉट्स". शौच नाहीच, नुसतं रक्त पडतं, तर "जस्ट ब्लड, नो स्टूल", आणि हे सांगायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. रंग "ब्राइट रेड" की "डार्क" तेही सांगावं. डांबरासारखं काळं असेल तर "ब्लॅक अँड टारी", पण लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच तसंही काळपट होतं, म्हणून "आय अ‍ॅम ऑन आयर्न टॅब्लेट्स" हे त्याच दमात सांगायचं. आपण ज्याला आव पडणं म्हणतो ते "म्यूकस". इथली माणसं बोलताना "स्लाइम"ही म्हणतात.

पातळ किती, हे सांगताना मुलं हमखास लाजतात. त्यावर इथे सोय आहे. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तयार केलेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला सात चित्रांचा तक्ता आहे, ब्रिस्टल स्टूल चार्ट. पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा, चौथा मऊ आणि नीट बांधलेला, सहावा कडा विस्कटलेला लगदा, सातवा नुसतं पाणी. चार्ट फोनमध्ये ठेवायचा आणि "मोस्टली टाइप सिक्स, समटाइम्स सेव्हन" म्हणायचं. वर्णन करायची वेळच येत नाही. हा एवढा एक कागद शिकला तरी त्याचं निम्मं इंग्रजी झालं असं मी म्हणेन.

घाईची लागते, ती "अर्जन्सी". वाक्यात सांगायचं तर "व्हेन आय नीड टु गो, आय हॅव टु रश". पुढचा प्रश्न "हाउ लाँग कॅन यू होल्ड ऑन?", म्हणजे किती वेळ रोखून धरता येते. त्याला मिनिटांत उत्तर द्यायचं. त्याच्याही पुढे एक प्रश्न येतो आणि तो मुद्दाम लक्षात ठेवायचा: "हॅव यू हॅड एनी अ‍ॅक्सिडेंट्स?" रस्त्यावरचा अपघात नव्हे, कपड्यात झाली का, असं त्या सभ्य भाषेत विचारतात. प्रश्न कळला नाही की आपली मुलं "नो, नो" म्हणून मोकळी होतात आणि आजाराची एक महत्त्वाची खूण नोंदवायची राहते. जाऊन आलो तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही, कुंथत बसावं लागतं, नुसती आव पडते, याला पुस्तकात टेनेसमस म्हणतात. तो शब्द शिकायची गरज नाही. "आय फील लाइक आय नीड टु गो अगेन, बट नथिंग कम्स आउट" हे त्याहून बरं, कारण ऐकणाऱ्याला त्यावर पुन्हा काही विचारावं लागत नाही.

दुखण्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि इथेच पंचाईत होते. कळ, मुरडा, ठणका, आग, तडस, गुबारा, प्रत्येक वेगळं. मुरडा येऊन शौचाला झाल्यावर सुटतो, ते "क्रॅम्पी पेन, इट इझेस आफ्टर आय गो". कळा येऊन जातात, तर "इट कम्स अँड गोज". एकसारखं दुखतं, तर "कॉन्स्टंट". पोट फुगून टम्म झालंय, तर "ब्लोटेड". इथे "गॅस" म्हणू नका. आपण पोटफुगी, ढेकर, छातीत जळजळ, पाठीत भरलेली उसण, सगळं गॅसच्या खात्यात टाकतो. इंग्लंडमध्ये घराघरात गॅसवर चालणारा हीटर असतो, तिथे त्या शब्दाने भलतीच तारांबळ उडेल. वात सरतो तो "विंड". "अ‍ॅसिडिटी"ऐवजी "हार्टबर्न". "मला उष्णता झालीय" याला इंग्रजीत काही नाही, ते शोधूही नये. काय होतंय ते सांगावं, म्हणजे तोंड आलं असेल तर "माउथ अल्सर्स", शौचाच्या जागी आग होत असेल तर "इट बर्न्स व्हेन आय गो". तोंड येणं, डोळे लाल होणं, सांधे धरणं, पायावर दुखऱ्या लाल गाठी उठणं, हे आयबीडीचाच भाग असू शकतं. म्हणून "या आजाराशी त्याचा काय संबंध" असं मनात धरून ते गाळू नये.

"वीकनेस" हा शब्दही जपून वापरायचा. आपल्याकडे वीकनेस म्हणजे अशक्तपणा. इथल्या डॉक्टरांच्या कानावर "वीकनेस इन माय लेग्ज" पडलं की ते पायातली ताकद गेली का हे तपासायला लागतात, हातोडी काढून गुडघे ठोकतात. थकवा असेल तर "टायर्ड ऑल द टाइम" किंवा "फटीग" म्हणावं. चक्कर म्हणजे डोळ्यासमोर अंधारी असेल तर "लाइट-हेडेड", घर फिरतं असेल तर "द रूम इज स्पिनिंग".

ब्रिटनची म्हणून काही खास भाषा आहे, ती पटकन सांगते. "सर्जरी" म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. "कम डाउन टु द सर्जरी" ऐकून घाबरू नये. ऑपरेशन थिएटर नुसतं "थिएटर". "बॅक पॅसेज" म्हणजे गुदद्वार. रक्त घेताना "शार्प स्क्रॅच" म्हणतील, तेव्हा सुई टोचणार आहे. रिपोर्टमध्ये "अनरिमार्केबल" आलं तर खूश व्हायचं, म्हणजे दोष दिसला नाही. "क्वायसंट" म्हणजे आजार शांत आहे. उलट आपल्या सभ्यपणाची एक सवय इथे महागात पडते. "हाउ आर यू?" विचारलं की आपण "फाइन, थँक यू" म्हणतो आणि ते डॉक्टरांच्या नोंदीत तसंच जातं. दवाखान्यात त्या प्रश्नाचं उत्तर "नॉट ग्रेट" असलं तर ते पहिल्याच वाक्यात सांगायचं.

औषधांकडे येऊ. आपण ब्रँडची नावं घेतो: मेसाकॉल, वायसोलोन, अझोरान. इथे ती कुणाला माहीत नाहीत. मूळ नावं लिहून घ्यावीत: मेसालामाइन, प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन. त्यातही मेसालामाइन हे अमेरिकी नाव, ब्रिटनमध्ये त्याच औषधाला मेसालाझिन म्हणतात. गोळीशिवाय एनिमा किंवा सपोझिटरी चालू असेल तर आपली माणसं संकोचाने ते सांगतच नाहीत. डॉक्टर "आर यू यूझिंग एनी टॉपिकल ट्रीटमेंट?" विचारतात, तेव्हा त्यांना तेच अपेक्षित असतं, त्वचेचं मलम नव्हे. स्टेरॉइड कमी करत आणत असाल तर "आय अ‍ॅम टेपरिंग", आणि सध्याचा डोस किती मिलिग्रॅम ते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या असतील तर "आय स्टॉप्ड टेकिंग इट टू मन्थ्स अगो" एवढंच म्हणायचं. कुणी रागवत नाही. आपल्याकडे ओरडा बसतो म्हणून लपवायची सवय लागलेली असते. कुटजारिष्ट किंवा कुठलाही काढा चालू असेल तर "हर्बल मेडिसिन" म्हणून नावासकट सांगावं. आणि डोकं दुखलं म्हणून कॉम्बिफ्लाम घेतली असेल तर तेही, कारण त्यात आयब्युप्रोफेन आहे आणि तसल्या वेदनाशामकांनी कोलायटिस उसळू शकतो.

तुमच्या भावाला कोलायटिस आहे, पण हे वाचणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांत फरक करणं कठीण जातं, म्हणून पुष्कळांना आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. इथे इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक औषधं सुरू करण्याआधी सुप्त टीबी तपासतात, कारण या औषधांनी तो उफाळून येऊ शकतो. तेव्हा "आय वॉज ट्रीटेड फॉर सस्पेक्टेड इन्टेस्टिनल टीबी फॉर सिक्स मन्थ्स, बिफोर द क्रोन्स डायग्नोसिस" हे वाक्य तयार ठेवायचं. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर तेही. टीबीचं नाव काढलं तर व्हिसाला अडचण येईल या भीतीने काही जण गप्प बसतात. व्हिसासाठीची टीबी तपासणी भारतातच झालेली असते, डॉक्टर औषध सुरक्षित द्यायचं म्हणून विचारत असतात.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवणं. आयबीडी टीमकडे थेट जाता येत नाही, जीपी पाठवतात, आणि त्यात आठवडे जातात. म्हणून तीन महिन्यांची औषधं आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र बरोबर हवं. पत्रात आजार कुठपर्यंत आहे तो शब्द असावा: प्रॉक्टायटिस (फक्त गुदाशयात), लेफ्ट-साइडेड (डाव्या बाजूच्या आतड्यात) की पॅनकोलायटिस (सगळ्या मोठ्या आतड्यात). पहिल्या भेटीत म्हणायचं, "आय नीड अ रिपीट प्रिस्क्रिप्शन अँड अ रेफरल टु द आयबीडी टीम." शौचाची तपासणी सांगतील तिचं नाव फीकल कॅलप्रोटेक्टिन. साधारणपणे ५०च्या खाली असेल तर निर्धास्त, २५०च्या वर गेलं तर आतड्याला सूज आहे असं धरतात. भारतातला जुना आकडा असेल तर तो बरोबर आणावा, तुलनेला फार उपयोगी पडतो. आणि इंग्रजीचं फारच अडलं तर "आय नीड अ मराठी इंटरप्रिटर" म्हणायचा त्याला हक्क आहे. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषा फुकट मिळतो, मात्र अपॉइंटमेंट घेतानाच मागावा लागतो. खोलीतल्या मित्राला दुभाषा म्हणून नेऊ नये. मित्रासमोर कुणीच खरं सांगत नाही.

विद्यापीठात "डिसॅबिलिटी सर्व्हिस" असते. ते नाव वाचून आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, "मी काय अपंग आहे का" म्हणतात. इथल्या २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये दीर्घकाळ रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे आजारही त्या शब्दात येऊ शकतात. तिथे नाव नोंदवलं तर परीक्षेत संडासला जायची वेगळी वेळ, दाराजवळची जागा, झटका आला तर असाइनमेंटला मुदतवाढ मिळू शकते. मागायचे शब्द दोनच: "रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट्स" आणि "एक्सटेन्शन". क्रोन्स अँड कोलायटिस यूके ही संस्था सभासदांना एक कार्ड देते. दुकानात किंवा हॉटेलात काही न बोलता ते दाखवून शौचालय वापरू देण्याची विनंती करता येते.

सराव कसा करायचा? यादी पाठ करून नाही. जायच्या आधी महिनाभर त्याने रोज रात्री तीन ओळींची नोंद इंग्रजीत लिहावी: किती वेळा, कोणता टाइप, रक्त, रात्री उठलो का. मग ती मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करावी. हे शब्द डोळ्यांना येतात, जिभेला येत नाहीत, म्हणून मोठ्याने. तुम्ही नर्स व्हा आणि प्रश्न विचारा, पण बहिणीसमोर संकोच वाटत असेल तर आग्रह करू नका, एखाद्या मित्राला बसवा. उच्चार ब्रिटिश करण्याच्या फंदात पडू नये. आमच्या वॉर्डात अर्धे कर्मचारी केरळ, फिलिपिन्स आणि नायजेरियाचे आहेत. सावकाश आणि आकड्यांसकट बोललेलं सगळ्यांना कळतं.

हेल्पलाइनला बहुतेक वेळा माणूस भेटत नाही, आन्सरफोन लागतो, आणि तिथे मुलं घाबरून फोन ठेवून देतात. म्हणून हा निरोप लिहून फोनमध्ये ठेवायला सांगा (त्यातला "फ्लेअर" म्हणजे आजार उसळणं): "माय नेम इज..., डेट ऑफ बर्थ..., हॉस्पिटल नंबर.... आय हॅव अल्सरेटिव्ह कोलायटिस अँड आय थिंक आय अ‍ॅम हॅविंग अ फ्लेअर. आय अ‍ॅम गोइंग एट टाइम्स अ डे, थ्री अ‍ॅट नाइट, विथ ब्लड मिक्स्ड इन. नो फीव्हर. आय अ‍ॅम टेकिंग मेसालाझिन. प्लीज कॉल मी बॅक ऑन...." आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगावं आणि फोन नंबर दोनदा. ताप असेल, नाडी जोरात चालत असेल किंवा पोट कडक होऊन हात लावू देत नसेल, तर निरोप ठेवून वाट पाहू नये. १११ला (एनएचएसचा वैद्यकीय सल्ल्याचा नंबर) फोन करावा किंवा सरळ ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग, गाठावा, आणि तिथे पहिलं वाक्य आजाराच्या नावाचं, दुसरं आकड्याचं.